अनुदान थांबलं: जुनं भूकंपमापक ठेवावं, छोटं घ्यावं, की मोबाइलवर भागवावं?

नागपुरात उमरेड रोडवरच्या एका कॉलेजातून गेल्या महिन्यात प्राचार्य मॅडमचा फोन आला. त्यांच्या भूकंपमापक केंद्राचं अनुदान यंदा आलंच नाही. मागच्याचं उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं होतं, स्मरणपत्रं तीन झाली, उत्तर नाही. "सर, आहे ते चालू ठेवू, छोटं यंत्र घेऊ, की कुलूप लावून मोबाइलवर भागवू?" अशाच एका केंद्राची किल्ली मी बरीच वर्षं सांभाळली, म्हणून प्रश्न माझ्याकडे. विदर्भात आणखी कुणापुढे हाच पेच असेल तर उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

जुन्यापासून सुरू करतो. कॉलेजमागे अर्धी जमिनीत गेलेली खोली, खडकापर्यंत खणून ओतलेला चौथरा, त्यावर थर्माकोलच्या पेटीखाली डब्याएवढं ब्रॉडबँड भूकंपमापक, म्हणजे संथ आणि वेगवान दोन्ही लहरी टिपणारं. काळ्या मातीवर चौथरा ओतला तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि यंत्र कलतं. त्यामुळे खडकावरची, रहदारीपासून लांबची ही खोलीच खरी मिळकत आहे. यंत्र नवं घेता येतं, अशी जागा आता शहर पसरल्यावर मिळणं कठीण.

हे यंत्र देतं काय? ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगूला ५.३ चा भूकंप झाला. गडचिरोली-चंद्रपूर हललं, नागपुरातही जाणवला. मुलुगू इथून सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. प्राथमिक लहर आधी पोचते, दुय्यम मागून. दोघींमधले सेकंद मोजायचे आणि आठनं गुणायचं, की किलोमीटरमधलं अंतर मिळतं: चाळीस आठे तीनशे वीस. हा ढोबळ हिशेब शाळेतलं पोरगंही करू शकतं. पण भूकंपाची जागा भरवशानं ठरवायला निदान तीन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराची वर्तुळं काढावी लागतात, आणि भूकंप जमिनीत किती खोल झाला हे कळायला चौथं केंद्र. म्हणजे तुमची खोली बंद झाली की नुकसान एकट्या नागपूरचं नाही. गडचिरोलीच्या भूकंपाचं एक वर्तुळ कमी होतं.

समितीत खजिनदार हमखास म्हणतील, "नागपूर झोन दोनमध्ये, कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं, काहून खर्च करायचा?" त्यांना किल्लारी सांगा. १९९३ पर्यंत ती झोन एकमध्ये होती, म्हणजे तेव्हाच्या नकाशावर सर्वांत निर्धास्त. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तिथे बारीक हादरे बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा भूकंप झाला आणि जवळपास १०,००० माणसं गेली. त्यानंतर जागतिक बँकेच्या मदतीनं द्वीपकल्पातली दहा केंद्रं सुधारली गेली. त्यांचा उपयोग लगेच दिसला: २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला, तेव्हा त्याची खोली सुमारे ३५ किलोमीटर असल्याचं याच केंद्रांच्या नोंदींवरून नीट काढता आलं. पैसा आला तो माणसं गेल्यावर, हे मला अजून बोचतं.

आणि कपात झाली म्हणून यंत्र कुणी उचलून नेत नाही. आधी जातात त्या बारीकसारीक गोष्टी. मे महिन्यातल्या ४५ अंशांत बॅटरी बसते. जीपीएसची वायर खारीनं कुरतडली की घड्याळ भरकटतं, आणि वेळ चुकलेली नोंद रद्दीच्या भावाची. एकदा आमच्याकडची नोंद अकरा दिवस पुढे गेलीच नाही, कारण सिमचं रिचार्ज खर्चाच्या कोणत्या हेडखाली टाकायचं यावर फाइल फिरत होती! अलास्कातही २०२५ च्या अखेरीस वर्षाला सुमारे ३ लाख डॉलरच्या मदतीवरून नऊ केंद्रं बंद पडायची वेळ आली. त्यांची नोंद त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी जात होती.

आता छोटं यंत्र. रास्पबेरी शेक नावाचं, तळहातावर मावणारं. किंमत मोठ्याच्या तुलनेत किरकोळ, इंटरनेटची वायर लावली की सुरू, पोरांना पडद्यावर रेघ हलताना दिसते. शाळेसाठी मला ते मनापासून आवडतं. मात्र आतला जिओफोन, म्हणजे थरथर टिपणारा भाग, जवळच्या, वेगवान थरथरीसाठी बनलेला. तुर्कस्तानसारख्या दूरच्या मोठ्या भूकंपाच्या संथ, लांबलचक लहरी तो अर्धवटच पकडतो. शिवाय ते यंत्र बसतं प्रयोगशाळेच्या टेबलावर, मग रेती भरलेला ट्रक गेला तरी रेघ उसळते.

आपल्या भागात त्यात आणखी एक गोम आहे. २०२४ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला नागपूर जिल्ह्यात लागोपाठ अडीचच्या आसपासचे धक्के नोंदले गेले, आणि खाणीतल्या सुरुंगांचीच शंका आली. सुरुंग ठरावीक वेळी उडतात, आणि त्यांचा पहिला धक्का सगळीकडे बाहेर ढकलणारा असतो. भूकंपात कुठे ढकलणारा, कुठे ओढणारा. हा भेद काढायला शांत जागेवरच्या, तिन्ही दिशांच्या स्वच्छ नोंदी लागतात. टेबलावरच्या यंत्राकडून ही अपेक्षा करू नका.

मोबाइलचं थोडक्यात. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ‘भूकंप’ ॲप फुकट आहे, जरूर ठेवा. अँड्रॉइड फोनची भूकंपसूचना भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे, पण ती ४.५ आणि त्यावरच्या भूकंपांसाठी. किल्लारीच्या आधीच्या हादऱ्यांसारखं बारीकसारीक तिच्या कक्षेत येत नाही. आणि ॲपवर दिसणारा आकडा कुठल्या तरी खोलीतल्या यंत्रानंच दिलेला असतो. सगळ्यांनीच ॲपवर भागवायचं ठरवलं तर आकडा यायचा कुठून?

माझं मत मी मॅडमना सरळ सांगितलं. आठवड्यातून एकदा खोली उघडून बॅटरीचा व्होल्ट वहीत लिहील असं एक माणूस असेल, तर जुनंच ठेवा. देखभालीचा महागडा करार सोडा, बॅटरी आणि रिचार्ज कॉलेजच्या पैशातून करा. असं माणूस नसेल तर यंत्राला धूळ खाऊ देऊ नका. चौथऱ्यासकट ती जागा भूकंपमापक केंद्रांच्या एखाद्या चालत्या जाळ्याला वापरायला द्या आणि मुलांसाठी छोटं घ्या. दोन्ही अर्धवट करायच्या भानगडीत मात्र पडू नका.

मॅडम थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमचा लॅब अटेंडंट जाईल दर बुधवारी. पण सर, रिचार्ज कोणत्या हेडखाली?"

"ग्रंथालयाच्या इंटरनेटात बसवा," मी म्हटलं.