हार्ट अटॅकनंतर टमी टकची चौकशी, आणि 'आत्ता नाही' म्हणणारं क्लिनिक

टमी टक म्हणजे पोटावरची लोंबणारी जादा कातडी काढून पोट घट्ट करायचं ऑपरेशन, त्याच्या चौकशीला गेले त्या क्लिनिकचा हा रिव्ह्यू. थोडा मोठा आहे, पण माझ्यासारख्या कुणाला उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय. माझं वय ४९. मागच्या वर्षी गौरी जेवणाच्या दिवशी सकाळपासून जबडा आणि पाठ दुखत होती, घाम येत होता, मला वाटलं उपास आणि ॲसिडिटी असेल, पुरणाचा घाट घातलेला तो अर्धवट सोडून कुठे जाणार म्हणून दुपारपर्यंत तशीच उभी राहिले. शेवटी आमच्या यांनी जबरदस्तीने गाडीत घातलं. ईसीजी काढला तर अटॅक. त्याच संध्याकाळी अँजिओप्लास्टी, डाव्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत एक स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी छोटी जाळीची नळी. (बायकांनो, जबडा, पाठ, मळमळ, असलं काही घामासोबत आलं तर घरात बसू नका, छातीतच कळ यायला पाहिजे असं काही नसतं.)

त्यानंतर मी खूप मनावर घेतलं. चालणं, जेवण, साखर सगळं. ८२ किलोवरून ६७ वर आले. सगळे कौतुक करतात, पण कपड्याच्या आत काय झालंय ते मलाच माहिती. दोन सिझेरियन झालेलं पोट, त्यात वजन उतरलं, आता कातडीची घडी मांडीपर्यंत लोंबते. खाली बसलं की मांडीवर पडते. उन्हाळ्यात घडीच्या आत लाल होतं, आग होते, पावडर, मलम, मऊ सुती कापड ठेवणं, सगळं करून झालं. साडी नेसायची हौस होती मला, आता निऱ्या खोचायला जागाच सपाट राहत नाही.

घरात विषय काढला तर जाऊबाई म्हणाल्या, देवाने वाचवलं ना तुला, मग आता हे कशाला गं? त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण ते वाक्य माझ्या मनात दोन महिने घर करून राहिलं. जीव वाचला म्हणजे आता काही मागायचंच नाही असं का? मला आरशासमोर उभं राहायला लाज वाटते हे खरं आहे आणि मला जगायचंय हेही खरंच आहे.

तर पहिल्यांदा मी या क्लिनिकमध्ये नाही, दुसऱ्या एका ठिकाणी गेले होते. नाव लिहीत नाही. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी अर्धा तास एक काउन्सेलर मुलगी बोलली, ऑफर चालू आहे, महिन्याअखेर बुक केलं तर लायपो (चरबी शोषून काढणं) सोबत कमी पैशात होईल, ईएमआय होईल. मी म्हणाले स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू आहेत. डॉक्टर पाच मिनिटं आले आणि म्हणाले पाच दिवस गोळ्या बंद ठेवा, सगळेच करतात, काही होत नाही. अटॅक कधी झाला, हृदय किती काम करतंय, कार्डिओलॉजिस्ट कोण, एक प्रश्न नाही. दहा हजार ॲडव्हान्स भरायला मी कार्ड काढलं होतं पर्समधून. काय वाटलं कुणास ठाऊक, बाहेर येऊन आमच्या कार्डिओलॉजिस्टच्या असिस्टंटला फोन केला. डॉक्टर स्वतः लाइनवर आले, एवढे शांत माणूस पण आवाज चढला त्यांचा. म्हणाले नवीन स्टेंट असताना त्या दोन गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, म्हणजे दुसरा अटॅक, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. मी जिन्यातच खाली बसले. त्या क्लिनिकवाल्यांचे पुढे दीड महिना फोन येत होते.

म्हणून इथे आले तेव्हा मी घाबरलेलीच होते. एप्रिल चालू होता, अटॅकला सात महिने झाले होते. फी १००० रुपये. वेळ साडेपाचची दिली होती आणि आत घेतलं पावणेसातला, हे मला अजिबात आवडलं नाही, वेटिंगमध्ये पंखा होता पण हवा नव्हती. आणि त्यादिवशी लिफ्ट बंद होती, दोन जिने चढून जावं लागलं, पेशंट कोण येतो याचा विचार करून निदान फोन करून सांगायला हवं होतं.

पण आत गेल्यावर जे झालं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय. डॉक्टरांनी पोट बघायच्या आधी फाइल मागितली. डिस्चार्ज कार्ड बोट ठेवून ठेवून वाचलं. मग विचारलं स्टेंटचं कार्ड आहे का, ते छोटं, स्टिकर लावलेलं. मी पाकिटात ठेवलेलं असतं ते काढून दिलं, त्यांनी तारीख बघून कॅलेंडरवर महिने मोजले. एको (हृदयाची सोनोग्राफी) बघितला, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. साखर, बीपी, घरात कुणाला पायात गुठळी झालीय का, सिगारेट तंबाखू, सगळं विचारलं. मग म्हणाले, ताई, तुम्हाला यातलं सगळ्यात जास्त काय खटकतं? हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, मला तिथेच रडू आलं. त्यांनी टिश्यू दिला आणि गप्प बसून राहिले, घाई केली नाही.

तपासायला नर्स ताई सोबत होत्या. आडवं झोपवून म्हणाले डोकं थोडं उचला, आणि पोटावर मधोमध बोटं ठेवली, तीन बोटं आत गेली. म्हणजे बाळंतपणात पोटाचे दोन स्नायू फाकलेत, ते नुसत्या व्यायामाने पूर्ण जुळतील असं नाही म्हणाले. मग उभं करून, बसवून, घडी उचलून खालची लाल कातडी बघितली. लाज वाटू दिली नाही.

नंतर कागदावर चित्र काढून समजावलं. कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत खाली आडवा छेद, जादा कातडी काढायची, स्नायू शिवायचे, बेंबी नवीन जागी बसवायची. जखमेत साठणारं पाणी बाहेर काढायला दोन ड्रेन नळ्या, काही दिवस वाकून चालायचं, पट्टा सहा आठवडे, वजन उचलायचं नाही. पूर्ण भूल, तीन तास तरी. हे सगळं ऐकताना मला वाटलं आता तारीख देतील. ते म्हणाले, आत्ता मी हे करणार नाही.

कारण त्यांनी जसं सांगितलं तसं लिहिते. अटॅकमध्ये स्टेंट बसवला की त्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालवतात, आणि हे ऑपरेशन तातडीचं नाहीये, त्यामुळे ते वर्ष पुरं होऊ द्यायचं. गोळ्या चालू असताना केलं तर एवढ्या मोठ्या जखमेत रक्त साठण्याची भीती, बंद करून केलं तर स्टेंटची भीती. वर टमी टक हे कॉस्मेटिक ऑपरेशन्समध्ये पायात गुठळी होण्याचा धोका जास्त असणारं, कारण पोट घट्ट केलेलं असतं आणि माणूस वाकून पडून राहतो. ती गुठळी फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. वर्षानंतरसुद्धा एक गोळी, म्हणजे ॲस्पिरिन, बहुतेक कायम राहील, ती ऑपरेशनच्या वेळी चालू ठेवायची की नाही हे कार्डिओलॉजिस्ट ठरवणार, मी नाही, असं स्पष्ट म्हणाले. आणि करायचं झालं तरी इथल्या ओटीमध्ये नाही, आयसीयू असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये, तिथला खर्च जास्त आला तरी.

डिसेंबरमध्ये पुतणीचं लग्न आहे, मी म्हणाले सप्टेंबरला वर्ष होतंय, ऑक्टोबरमध्ये करता येईल का. म्हणाले लग्नाच्या तारखेला ऑपरेशन बांधू नका, काही अडलं तर तुम्हीही घाई कराल आणि मीही. सप्टेंबरमध्ये नवीन एको, स्ट्रेस टेस्ट, कार्डिओलॉजिस्टचं लेखी फिटनेस, भूलतज्ज्ञांची वेगळी भेट, वजन तोपर्यंत सहा महिने एका जागी स्थिर, आणि हे सगळं नीट आलं तर जानेवारी. नाही आलं तर नाही. तोपर्यंत घडीखालच्या लालसरपणासाठी स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी बुरशीचं मलम दिलं आणि घडीत ठेवायला पातळ कापडाची पट्टी सांगितली, तीन आठवड्यांत आग बंद झाली. मला इतके महिने हे कुणी सांगितलंच नव्हतं!

पैशाचं पण लिहिते कारण कुणी धड सांगत नाही. मला अंदाज दिला १ लाख ९० हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३४,२०० वेगळे, एकूण २ लाख २४ हजार २००. आजारपणाच्या उपचाराला जीएसटी नसतो पण कॉस्मेटिक सर्जरीला लागतो. मेडिक्लेममध्ये पण हे बसत नाही, पॉलिसीत कॉस्मेटिक सर्जरी वगळलेली असते, अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरच्या दुरुस्तीची गोष्ट वेगळी. माझी पॉलिसी मी काढून वाचली, तसंच आहे. आणि नंतर काही गुंतागुंत झाली तर आयसीयूचा खर्च कोण देणार हे आधी विमा कंपनीला लेखी विचारा असं डॉक्टरांनीच सांगितलं. मी ईमेल केलाय, उत्तर यायचंय.

जाणार असाल तर डॉक्टरांच्या नावापुढे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का बघा, आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर. इथे तो दारातच बोर्डवर लिहिलेला आहे, मी फोटो काढून कौन्सिलच्या साइटवर तपासला, जुळला. डिस्चार्ज कार्ड, स्टेंट कार्ड, शेवटचा एको, चालू गोळ्यांची चिठ्ठी एकाच फाइलमध्ये न्या. आणि अटॅक, स्ट्रोक, पायातली गुठळी, काहीही झालेलं असेल तर लपवू नका, नाही म्हणतील या भीतीने लपवावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं.

पाचपैकी चार स्टार. एक वेटिंगचा आणि बंद लिफ्टचा कापला. त्यादिवशी घरी आल्यावर यांनी विचारलं काय म्हणाले, मी म्हणाले नाही म्हणाले. त्यांना वाटलं मी खचेन. पण मी त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपले.

सप्टेंबरचे रिपोर्ट आले की पुढचं इथेच लिहीन.