रतिबाचं ॲप: आधी वेब, मग अर्धं नेटिव्ह (नऊ महिन्यांच्या वापरानंतर)

साताऱ्यात आमचा दुधाच्या रतिबाचा धंदा आहे. घरं साधारण ३४०, वाटणारी पोरं सहा. गेल्या जूनपर्यंत हिशेब वहीत आणि खाडे आईच्या फोनवर. रात्री दहानंतर ‘काकू, उद्या दूध नको’ असे वीसेक मेसेज यायचे, दोन-तीन हमखास सुटायचे आणि महिनाअखेरीला त्यावरून कटकट व्हायची. म्हणून ॲप करायचं ठरवलं. मी पोटापाण्यासाठी वेबसाइट बनवतो. वेबची जावास्क्रिप्ट येते, अँड्रॉइड ॲपची भाषा कॉटलिन येत नाही. त्यामुळे नेटिव्ह (म्हणजे फोनमध्ये इन्स्टॉल करायचं ॲप) की वेब यावर फार विचार केला असं म्हटलं तर ते खोटं होईल. येत होतं ते केलं: पीडब्ल्यूए, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणारं, पण होम स्क्रीनवर आयकॉन ठेवता येणारं ॲप.

ग्राहकांपुरता तो निर्णय मला आजही पटतो. व्हॉट्सॲपवर लिंक गेली, उघडली, तारखेवर बोट ठेवलं, खाडा लागला. महिन्यातून दोनदा, तेही दहा सेकंद लागणाऱ्या कामासाठी कोण प्ले स्टोअरवर जाऊन ॲप घेतंय? घेतलं तरी फोनमधली जागा संपली की पहिलं आपलंच उडणार. कपडे विकणाऱ्या मिंत्राने मे २०१५ मध्ये वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी ते वेबवर परत आले. आम्ही तर दूधवाले.

गोची झाली पोरांच्या फोनवर. अपार्टमेंटच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये रेंज नसते, म्हणून नोंदी आधी फोनमध्येच साठवायच्या आणि नेट आलं की सर्व्हरवर पाठवायच्या, अशी सोय मी सर्व्हिस वर्कर आणि इंडेक्स्डडीबी (ब्राउझरच्या नेटशिवाय चालण्याच्या आणि डेटा साठवण्याच्या सोयी) वापरून केली होती. दोन महिने झकास चाललं. मग श्रावणात एका पोराचा फोन गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरला. त्याने फोटो ठेवले आणि क्रोमचा सगळा डेटा पुसला, साइट डेटासकट. त्याचा नेटपॅक आदल्याच दिवशी संपला होता, त्यामुळे दोन दिवसांच्या, ६२ घरांच्या नोंदी फक्त त्या फोनवरच होत्या. गेल्या. मग दारोदार जाऊन ‘परवा किती घेतलं होतं?’ असं विचारत फिरलो. कोणी खोटं बोललं नाही, पण जास्त घेतल्याचं एकालाही आठवलं नाही. चूक माझीच. न गेलेल्या नोंदींचा लाल आकडा स्क्रीनवर दाखवायला हवा होता, तो नंतर टाकला. पुसायचं म्हटलं तर नेटिव्ह ॲपचाही डेटा पुसता येतो, पण ब्राउझर साफ करताना हिशेब तरी वाहून जात नाही.

दुसरं दुखणं लोकेशनचं. ‘दूध कुठवर आलं?’ हे ग्राहकांना दिसावं अशी माझी हौस. फोन खिशात गेला, स्क्रीन बंद झाली की वेब पानाला लोकेशन मिळत नाही. स्क्रीन चालूच ठेवून पाहिली, तर साडेसहाला बॅटरी लाल. तिसरं प्रिंटरचं. कमरेला लावायच्या छोट्या थर्मल प्रिंटरवर पोरं बिल काढून देतात. क्रोमच्या ‘वेब ब्लूटूथ’ सोयीतून ब्लूटूथ वापरता येतं, पण फक्त लो एनर्जी (कमी वीज खाणाऱ्या) प्रकारचं. आमचे प्रिंटर जुन्या क्लासिक ब्लूटूथचे, ते यादीत दिसेचनात. सहा नवे प्रिंटर घेण्याची तयारी बाबांची नव्हती, माझीही नव्हती.

दिवाळीनंतर एका मित्राकडून पोरांसाठी कॉटलिनमध्ये वेगळं अँड्रॉइड ॲप करून घेतलं. प्ले स्टोअरचं खातं एकदाच २५ डॉलर भरून मिळतं. पण नवीन वैयक्तिक खातं असेल तर ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बारा जणांनी सलग १४ दिवस चाचणीत राहावं लागतं. पोरं सहा, मग आई, बाबा, दोन मामेभाऊ, शेजारचे काका आणि त्यांची सून अशी भरती केली. प्रिंटर पहिल्या दिवशी जोडला गेला. लोकेशनसाठी वर ‘रतीब चालू आहे’ अशी पट्टी कायम दिसते, ती असेपर्यंत खिशातूनही काम चालतं. मात्र काही फोनची बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला पार्श्वभूमीत मारून टाकते. प्रत्येक फोन हातात घेऊन ती बंद करावी लागली.

नेटिव्हचा हिसका फेब्रुवारीत बसला. अर्ध्या लिटरचे पन्नास पैसे बिलात कसे धरायचे तो नियम बदलला. वेबवर रात्री बदल केला, सकाळी सगळ्यांना नवा. ॲपमध्ये मात्र तो हिशेब कोडमध्येच बसवलेला, आणि दोन पोरांनी अपडेट घेतलंच नव्हतं. दोन लाइनींवर (वाटपाच्या मार्गांवर) जुन्या हिशेबाची बिलं वाटली गेली. आता बेरीज सर्व्हरवर होते, ॲप फक्त छापतं.

राहिले आयफोनवाले, तीसेक घरं. आयओएस १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, वेब ॲपलाही नोटिफिकेशन पाठवता येतं, पण ते आधी होम स्क्रीनवर जोडलेलं असलं तरच. शेअरचं बटण दाबा, खाली सरका, ‘होम स्क्रीन’ शोधा, हे मी आतापर्यंत अकरा घरी सोफ्यावर बसून शिकवलंय, दोन ठिकाणी चहासकट. आयफोनसाठी नेटिव्ह ॲप करायचं तर ॲपलच्या डेव्हलपर खात्याचे दरवर्षी ९९ डॉलर होतात. त्यापेक्षा उरलेल्या घरचा चहा स्वस्त पडेल.