पगारी टोळी की ठेकेदाराची माणसं? ठरवण्याआधी हे तपासा

बांधकामासाठी माणसं उभी करण्याचे मुळात दोन मार्ग. एक म्हणजे गवंडी, सुतार, सळई बांधणारा फिटर, मदतनीस स्वतःच्या हजेरीपटावर ठेवणं. दुसरा म्हणजे कामाचे तुकडे पाडून ते लेबर ठेकेदाराला उक्तं देणं. कागदावर हिशेब मांडला की दुसरा मार्ग बहुतेक वेळा स्वस्त दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या दरावरून हे ठरवू नये. कोणतं काम नंतर झाकलं जाणार आहे, ते आधी बघावं.

सळईचं काम घ्या. ते बहुधा वजनावर मोजलं जातं. जाड सळया बांधल्या की वजन झटपट भरतं. कॉलमच्या उभ्या सळयांना बाहेरून आवळणाऱ्या रिंगा मात्र बारीक. त्यांना वेळ भरपूर लागतो आणि वजन नगण्य. मग टनावर पैसे घेणाऱ्याचा हात रिंगांवर आखडतो. दोन रिंगांमधलं अंतर वाढतं, रिंगेच्या टोकाचा १३५ अंशांत आत वळवायचा हूक ९० अंशांवरच सोडला जातो. भूकंपात रिंग उघडू न देण्याचं, कॉलमचा गाभा आवळून धरण्याचं काम याच हुकाचं. एकदा काँक्रीट पडलं की चूक कुणालाच दिसत नाही. यात कामगाराला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण वजनाचे पैसे आपणच ठरवलेले असतात. पगारी फिटरला अशी घाई करण्याचं कारण नसतं.

अर्थात पगारी टोळीचंही दुखणं आहे. ड्रॉइंग अडकलं, माल आला नाही, पाऊस लागला तरी पगार चालूच. शिवाय चांगला मुकादम नसेल तर कामाचा वेग हळूहळू उतरतो. स्लॅबच्या दिवशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त हात लागतात; तेवढी माणसं वर्षभर पोसणं कुणालाच परवडत नाही. ठेकेदार इथे खरोखर उपयोगी पडतो.

शिकवण्याच्या बाबतीत दोन्हींतला फरक सगळ्यात मोठा आहे. मदतनिसाला गवंडी करायचं तर त्याला अनुभवी माणसाच्या जोडीला ठेवावं लागतं, सुरुवातीचं हळू काम सोसावं लागतं आणि हात बसला की मजुरी वाढवावी लागते. उक्त्या कामात हा वेळ कुणाच्याच दरात धरलेला नसतो. शिकवलेला माणूस दुसरीकडे जाईल ही भीतीही खरी आहे. ब्रिटनमध्ये १९६४ साली स्थापन झालेलं बांधकाम उद्योग प्रशिक्षण मंडळ कंपन्यांकडून लेव्ही (सक्तीची वर्गणी) घेऊन प्रशिक्षणाला पैसे देतं, त्यामुळे शिकवणाऱ्या एकट्यावर भार पडत नाही. अशी सोय नसेल तिथे मजुरीच्या ठरलेल्या पायऱ्या आणि वेळेवर पगार याच दोन गोष्टी माणसं टिकवतात.

ठेका दिला म्हणून सुरक्षेची जबाबदारी मात्र जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८८ च्या १६७ क्रमांकाच्या करारात, एकाच साइटवर अनेक मालकांची माणसं असतील तर सुरक्षेच्या उपायांचा समन्वय प्रामुख्याने मुख्य ठेकेदाराकडे दिला आहे. त्यामुळे रोज बदलणाऱ्या चेहऱ्यांना उघड्या कडा, परांचीचे पाय आणि विजेच्या वायरी कुठे आहेत हे सकाळी दाखवायलाच हवं, मग माणसं कुणाचीही असोत.

माझ्या मते सळई, सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा उभारणं), काँक्रीट आणि वॉटरप्रूफिंग यांना पगारी गाभा ठेवावा. सलग काम पुरेसं नसेल तर निदान मुकादम आणि तपासणारा माणूस तरी स्वतःचा असावा. खोदाई, रंगकाम, फरशी अशी डोळ्यांना दिसणारी, मोजता येणारी कामं ठेक्याने द्यायला हरकत नाही. सळई ठेक्याने द्यावीच लागली तर रिंगांचा दर वेगळा लावा, आपल्या माणसाच्या सहीशिवाय काँक्रीट ओतायचं नाही असं करारात लिहा आणि ठेकेदाराला पुढे पोटठेकेदार नेमायला मनाई करा.