कराओकेत कोणतं जपानी गाणं धरावं? तिशीतल्या पुरुषांच्या आठवणीतल्या पाच गाण्यांची तुलना

जपानमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी माणसावर ही वेळ हमखास येते. ऑफिस सुटल्यावर जेवण, मग कराओकेची खोली, आणि हातात गाणं निवडायचा टॅब्लेट. अशा वेळी सोबतच्या तिशीतल्या सहकाऱ्यांच्या शाळेच्या दिवसांतलं एखादं गाणं नीट बसवलेलं असेल, तर ध्रुवपदापर्यंत अख्खी खोली साथीला येते. प्रश्न एवढाच, की कोणतं बसवायचं.

आधी सोबतच्यांचं वय पाहा. तिशी ही एकच पिढी नव्हे. १९८६-८७ चा जन्म असलेला माणूस २००१ मध्ये चौदा-पंधरा वर्षांचा होता. भाड्याने आणलेली सीडी मिनीडिस्कवर उतरवून घेणाऱ्यांतला तो. १९९४-९५ च्या जन्माचा मुलगा तेव्हा पहिलीच्या आसपास होता. तो मोठा होईपर्यंत गाणी मोबाइलवर ‘चाकु-उता’ म्हणून, म्हणजे मूळ आवाजातली रिंगटोन म्हणून, फिरू लागली होती. पहिल्याचा जीव ‘तेन्ताई कान्सोकु’वर, दुसऱ्याचा ‘किसेकी’वर.

‘तेन्ताई कान्सोकु’, म्हणजे आकाशनिरीक्षण, हे बम्प ऑफ चिकन या बँडचं मार्च २००१ चं गाणं. चिबा प्रांतातल्या साकुरा गावचे हे चार बालमित्र. रात्री दोन वाजता दुर्बीण खांद्यावर टाकून, पट्ट्याला रेडिओ बांधून एक मुलगा रेल्वे फाटकापाशी जातो आणि मैत्रिणीबरोबर धूमकेतू शोधतो, एवढंच चित्र. पण तेव्हा त्याच वयात असलेल्यांना ते स्वतःचंच वाटलं, आणि २००२ मध्ये याच नावाची टीव्ही मालिकाही आली. गायक फुजिवारा मोतोओचा आवाज खर्जाकडे झुकणारा, त्यामुळे साधारण पुरुषी गळ्याला पट्टी फारशी उतरवावी लागत नाही. अडचण शब्दांची आहे. ते दाट आहेत आणि लय कुठे थांबत नाही. पडद्यावर वाचून गायला गेलात की अर्धी मात्रा मागे पडता आणि ध्रुवपदापर्यंत मागेच राहता. म्हणून पहिलं कडवं पाठच करा. ध्रुवपदाला बाकीचे सोबत असतातच, तिथे वाचून निभावतं.

याच्या शेजारी ठेवावं असं गाणं म्हणजे मोंगोल-८०० चं ‘चीसाना कोइ नो उता’, छोट्याशा प्रेमाचं गाणं. ओकिनावाच्या या तिघांनी २००१ च्या ‘मेसेज’ अल्बममध्ये ते घेतलं. मोठ्या कंपनीचा आधार नसलेला हा अल्बम ओरिकॉनच्या, म्हणजे जपानमधल्या अल्बम-विक्रीच्या, यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. गिटार, बास आणि ड्रम एवढ्यावर उभं राहतं, म्हणून शाळा-कॉलेजच्या सांस्कृतिक महोत्सवात पोरांच्या बँडनी ते वर्षानुवर्षं वाजवलं. म्हणूनच ऐन तिशीतल्यांबरोबर अलीकडच्या मुलांनाही ते तोंडपाठ आहे. स्वरांचा पल्ला छोटा, चाल सरळ, शब्द रोजच्या वापरातले. चूक एकाच ठिकाणी होते: श्वास. कडव्यात अक्षरामागून अक्षर पळतं, आणि जोशात सुरुवात केलेला माणूस दुसऱ्या कडव्यात धापा टाकतो. कागदावर ओळी लिहून श्वास कुठे घ्यायचा तिथे आडवी रेघ मारा, आणि ध्रुवपदाआधीचा श्वास कधीही चुकवू नका. महिन्याभरात एकच गाणं बसवायचं असेल आणि जपानी अजून कच्ची असेल, तर माझं मत निःशंकपणे याला. सोबतचे सगळे अडतीस-एकोणचाळीसचे असतील, तरच ‘तेन्ताई कान्सोकु’ पुढे जातं.

आता ‘कोनायुकी’. नोव्हेंबर २००५ चं, रेमिओरोमेन या यामानाशी प्रांतातल्या बँडचं. ‘एक लिटर अश्रू’ या मालिकेत ते वाजलं आणि घराघरात पोहोचलं. कोनायुकी म्हणजे पिठासारखा भुरभुरणारा बर्फ. हे गाणं ऐकायला जितकं सुंदर, तितकंच गायला फसवं. कडवी खालच्या स्वरात, जवळपास बोलल्यासारखी जातात. माणसाला वाटतं, जमलं. मग ध्रुवपदाचा पहिलाच शब्द एकदम वर उडी घेतो आणि ‘ना’वर लांबतो. तिथे नव्वद टक्के गळे फाटतात असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही. पट्टी खाली घ्यावी तर वेगळाच त्रास. यंत्रावर फ्लॅटचं बटण एकदा दाबलं की पेटीवरची एक पट्टी, म्हणजे अर्धा स्वर, खाली. दोन-तीनदा दाबलं तर ध्रुवपद आवाक्यात येतं. पाचदा दाबलं तर कडवं इतकं खाली जातं की शब्द पुटपुटल्यासारखे येतात. म्हणून ध्रुवपद आधी घरी गाऊन पाहा, आणि तीन पट्ट्या उतरवूनही घसा आवळत असेल तर हे गाणं सोडून द्या. शिवाय ते साडेपाच मिनिटांच्या आसपास चालतं. लोक आपापल्या पाळीची वाट पाहत असताना एवढा वेळ फार होतो. याच बँडचं ‘सान्गात्सु कोकोनोका’, म्हणजे नऊ मार्च, याहून कितीतरी सोपं आहे. मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं हे गाणं पुढे शाळेच्या निरोप समारंभाचं झालं, त्यामुळे तिशीतल्यांच्या डोळ्यांत पाणी यायला तेही पुरतं.

‘किसेकी’ हे ग्रीन या चौघांचं मे २००८ चं गाणं, ‘रूकीज’ या शाळेतल्या बेसबॉलवरच्या मालिकेचं. चौघे दंतवैद्य, फुकुशिमातल्या कोरियामात जमलेले, चेहरा कधी न दाखवणारे. २०२४ पासून त्यांनी नाव बदललं. शीर्षक मुद्दाम काताकानात, म्हणजे नुसता उच्चार दाखवणाऱ्या लिपीत, लिहिलंय, कारण उच्चार एक आणि अर्थ दोन: चमत्कार, आणि मागे उमटलेली वाट. शाळेत मैदानावर घाम गाळलेला बत्तीस-तेहतीसचा माणूस यावर हमखास उठून उभा राहतो. पण एकट्याने गाऊ नका. चार गळ्यांत वाटून दिलेल्या ओळी एका गळ्यात बसवायला गेलं की श्वासाला जागाच उरत नाही. दुसरा माइक शेजारच्याला द्या, कडवी त्याला सोडा आणि ध्रुवपद तुम्ही घ्या. जपानी वाचन कमी असलेल्याला ही वाटणी सगळ्यात सोयीची.

ॲनिमे पाहून जपानीकडे वळलेल्या मुलांना एशियन कुंग-फू जनरेशनचं ‘रीराइतो’ आधीच माहीत असतं: ऑगस्ट २००४, ‘फुलमेटल अल्केमिस्ट’च्या पहिल्या मालिकेचं चौथं शीर्षकगीत. पावणेचार मिनिटं, आणि ध्रुवपद चक्क ओरडायचं. त्यामुळे सूर थोडा हलला तरी चालतं, पण रात्रीच्या सुरुवातीलाच गायलात तर घसा पुढच्या गाण्यांना उरत नाही. घरी सराव करताना एक जपा. हे गाणं ज्यात आहे तो अख्खा अल्बम बँडने २०१६ मध्ये पुन्हा ध्वनिमुद्रित केला. सहकाऱ्यांच्या कानात बसलेलं आहे ते २००४ चं.

उच्चारात मराठी माणसाचं एक बाबतीत भाग्य आहे. जपानी ‘त्सु’ अनेक परदेशी लोकांना छळतो. आपल्याकडे तो ‘चूल’ आणि ‘चुना’ यांतल्या दंत्य च मध्ये तयारच आहे. ‘जरा’मधला ज तसाच ‘झा’च्या जागी चालतो. खड्डा आहे तो ‘अ’चा. ‘कोनयुकी’ असं लिहिलंत की वाचताना ‘कोन्युकी’ होतं आणि एक मात्रा गळते. म्हणून शब्द रोमन लिपीत न उतरवता देवनागरीत उतरवा, प्रत्येक ‘आ’ला काना द्या, आणि सूर लांबतो तिथे अवग्रह घाला: को-नाऽऽ-यू-कीऽऽ. ‘न्’ला स्वतःची मात्रा असते, ‘तेन्ताई’तला न् अनुस्वारासारखा उडवू नका. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर उच्चार दाखवणारी बारीक हिरागाना अक्षरं येतात, त्यामुळे हिरागाना वेगाने वाचता येत असतील तर कांजीची भीती नाही.

खोलीत गेल्यावर यंत्र डॅमचं आहे की जॉयसाउंडचं ते पाहून घ्या. दोन्हींवर ही पाचही गाणी मिळतात. गाणं लावण्याआधीच पट्टी ठरवून ठेवा, कारण मध्येच बदलली तर साथ देणारे सगळे सुटतात. आणि पहिल्या ध्रुवपदानंतर आवाज बसायला लागला, तर टॅब्लेटवरचं थांबवायचं बटण दाबून बेलाशक माइक खाली ठेवा. जपानी मंडळीही गाणं अर्ध्यावर सोडतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.