अमिगा १२००, छोट्या दुकानांच्या जिवावर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कमोडोर कंपनीचा अमिगा १२०० हा घरगुती संगणक ऑक्टोबर १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये ३९९ पौंडांना विक्रीला आला आणि २९ एप्रिल १९९४ ला कमोडोरने गाशा गुंडाळला. म्हणजे मूळ कंपनीचा आधार या मॉडेलला जेमतेम दीड वर्ष मिळाला. १९९५ मध्ये जर्मनीच्या एस्कॉमने हक्क विकत घेऊन १२०० पुन्हा बनवायला घेतला, पण १९९६ च्या जुलैत एस्कॉमही बुडाली. १९९७ मध्ये गेटवेने हक्क घेतले, तरी नवा १२०० काही निघाला नाही. तेव्हापासून आजपर्यंत हे यंत्र चालतंय ते छोट्या विक्रेत्यांवर: कार्डिफचं अमिगाकिट, जर्मनीतली इंडिव्हिज्युअल कॉम्प्युटर्स, पोलंडमधली एल्बॉक्स आणि घरच्या टेबलावर दहा-वीस बोर्ड जोडून विकणारे असंख्य लोक. त्यांच्याकडचे भाग लावलेला १२०० आठ महिने रोज वापरल्यावर काय टिकलं, काय बिघडलं, ते इथे लिहितोय.

जोडणी अशी: १डी४ आवृत्तीचा मदरबोर्ड, सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेले, ट्रॅपडोअरमध्ये (तळाच्या झाकणाखालच्या जागेत) वेगवान ६८०३० प्रोसेसरचं कार्ड, म्हणजे ०३० कार्ड, हार्ड डिस्कच्या जागी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड, अमिगाओएस ३.२ ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिचा मूळ भाग असलेल्या रॉम चिपा, फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्ह वाचणारा गोटेक, चित्राच्या लिसा चिपवर बसून आजच्या मॉनिटरला चित्र देणारं इंडिव्हिजन आणि नवा पॉवर सप्लाय.

सुरुवात पॉवर सप्लायपासून, कारण कार्डाच्या किंवा रॉमच्या नावाने खपणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं. १२०० सोबत आलेली मूळ वीट फक्त २३ वॅटची: ५ व्होल्टवर ३ अँपिअर, १२ व्होल्टवर अर्धा. नुसत्या मशीनला ती पुरते. ०३० कार्ड, सीएफ आणि इंडिव्हिजन चढवल्यावर ५ व्होल्टची लाइन खाली बसते. लक्षणं फसवी असतात: पहिल्या वेळी सुरू करताना पिवळा पडदा, रीसेट दिल्यावर ठीक, आणि वीस मिनिटांनी मशीन जागच्या जागी गोठतं. मोजायचं कुठे, तर सप्लायच्या टोकाला नाही. फ्लॉपी ड्राइव्हला वीज देणाऱ्या चार पिनांच्या कनेक्टरवर, मशीन चालू आणि सगळं जोडलेलं असताना, लाल आणि काळ्या वायरीमध्ये. ४.७५ च्या खाली आकडा गेला तर पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. केबल बारीक असली किंवा डिनच्या चौकोनी प्लगच्या पिना काळवंडल्या असल्या तरी दोन-तीन दशांश व्होल्ट वाटेतच जातात.

अमिगा ५०० ची जड वीट याच पाच पिनांच्या प्लगची आहे आणि ५ व्होल्टवर ४.५ अँपिअरपर्यंत देते, त्यामुळे जुने लोक तीच लावतात. पण तिच्या आतले कपॅसिटरही तीस वर्षांचे आहेत हे विसरू नये. छोटे विक्रेते जो नवा सप्लाय देतात, त्यात बहुतेक वेळा मीन वेलचं आरटी-६५बी सारखं ५, १२ आणि उणे १२ व्होल्ट देणारं मॉड्यूल असतं. ते स्वतः जोडणार असाल तर मेन्सच्या टर्मिनलवर झाकण, अर्थिंग आणि केबलला ताण न येणारी पकड या तीन गोष्टी सोडू नका. उणे १२ व्होल्टचा वापर ऑडिओच्या आउटपुटला आणि सिरीअल पोर्टला होतो, म्हणून ती लाइन गाळलेला स्वस्त सप्लाय लावला की मशीन सुरू होतं पण आवाज बिघडतो. असे सप्लाय विकले जातात, वर्णनात तीनही व्होल्टेज लिहिलेली आहेत का ते बघूनच घ्या.

कपॅसिटर. १२०० च्या बोर्डावर बॅटरी नाही हे नशीब, अमिगा ५०० प्लस आणि ४००० सारखी बॅटरी गळून बोर्ड खाल्लेला इथे सापडत नाही. पण सरफेस माउंट इलेक्ट्रोलिटिक गळतात, आणि गळलेला भाग तापवला की माशासारखा वास येतो, तो आला की समजावं. एका बाजूचा आवाज बारीक होणं ही पहिली खूण, कारण ऑडिओच्या भागातले कपॅसिटर लवकर जातात. काढताना पक्कडीने पिळून काढायची पद्धत सर्रास दाखवली जाते. पॅड घट्ट असेल तर ती चालते, गळतीने सैल झालेला पॅड मात्र ट्रॅकसकट हातात येतो. दोन सोल्डरिंग आयर्न दोन्ही पायांवर ठेवून, आधी थोडं ताजं सोल्डर देऊन, न ओढता उचलणं सुरक्षित. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि टूथब्रशने साफ करून, जुनं सोल्डर वेणीने काढून नवे बसवायचे. काही जण टँटलम लावतात. ते गळत नाहीत, पण उलटे बसले किंवा व्होल्टेज जेमतेम ठेवलं तर शॉर्ट होतात, त्यामुळे १६ व्होल्टच्या जागी २५ चा ठेवावा. आठ महिन्यांत नव्या इलेक्ट्रोलिटिकची काही तक्रार नाही, आणि एवढ्या काळात ती असूही नये. इथला निकाल दहा वर्षांनी लागतो.

रॉमच्या बाबतीत चांगला विक्रेता लगेच ओळखू येतो. १२०० ला रॉमची जोडी लागते, ५०० ला एकच चिप, आणि ४००० ची जोडी वेगळी, म्हणून मॉडेल न विचारता रॉम पाठवणारा विक्रेता टाळावा. बोर्डावर सॉकेट ४२ पिनांचं आहे आणि चिप ४० पिनांची. रिकामी राहणारी दोन भोकं खाचेच्या बाजूला ठेवायची. चिप एक ओळ सरकून बसली की पडदा काळाच राहतो, आणि बरेच लोक तिथेच चिप मेली म्हणून परत पाठवतात. यू६ए आणि यू६बी या जागा अदलाबदल झाल्या तरी तेच. सुरू होताना पडद्यावर येणारे रंग लक्षात ठेवा: लाल म्हणजे रॉमची बेरीज जुळली नाही, हिरवा म्हणजे चिप रॅममध्ये दोष, पिवळा म्हणजे प्रोसेसर सुरुवातीलाच अडखळला.

अमिगाओएस ३.१.४ ही आवृत्ती २०१८ मध्ये हायपेरियन कंपनीने काढली, २०२१ मध्ये ३.२ आली. ज्याला मोठं सीएफ कार्ड वापरायचं आहे त्याने ती घ्यावीच. जुन्या ३.० आणि ३.१ मध्ये आयडीईचा (डिस्क जोडायच्या पोर्टचा) ड्रायव्हर डिस्कवरची जागा ३२ बिटांच्या बाइट आकड्याने मोजतो, म्हणजे ४ जीबी झाले की आकडा पुन्हा शून्यावर येतो. चौथ्या जीबीपलीकडे लिहिलेली फाइल थेट कार्डाच्या सुरुवातीवर पडते, जिथे पार्टिशनची माहिती असते. कार्ड एके दिवशी अचानक कोरं दिसतं ते यामुळे. जुनेच रॉम ठेवायचे असतील तर सगळी पार्टिशनं पहिल्या ४ जीबीच्या आत ठेवा, उरलेली जागा सोडून द्या.

सीएफचा दुसरा सापळा मॅक्सट्रान्सफर, म्हणजे एका वेळी किती डेटा हलवायचा याची मर्यादा. एचडीटूलबॉक्स या डिस्क विभागायच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पार्टिशनला ही किंमत ०एक्स१एफई०० द्यायची. ती १,३०,५६० बाइट म्हणजे ५१२ बाइटचे २५५ सेक्टर. एटीए या डिस्कशी बोलण्याच्या पद्धतीत सेक्टरची संख्या आठ बिटांत लिहिली जाते, २५६ सेक्टर म्हणजे तिथे शून्य, आणि काही कार्डं त्या शून्याचा अर्थ चुकीचा घेतात. मर्यादा न घातल्यास छोट्या फाइल बिनचूक उतरतात आणि मोठ्या बिघडतात, त्यामुळे दोष महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही. तपासायला एक मोठी एलएचए (दाबून लहान केलेली) फाइल कार्डावर उतरवून तिची चाचणी चालवा. फाइल सिस्टिम म्हणून पीएफएस३ लावली ती बरी ठरली. मूळ एफएफएसवर लिहिता लिहिता मशीन गोठलं की पुढच्या वेळी पार्टिशन पडताळणी होईपर्यंत लिहिता येत नाही, पीएफएस३ ला ती लागत नाही.

केबलबद्दल एक वाक्य पुरेसं नाही. १२०० ची आयडीई बफर नसलेली आहे, तिच्या लाइनी जवळजवळ थेट आतल्या बसवर जातात. लांब किंवा दोन तोंडांची रिबन लावली की त्रास सुरू. ४४ पिनांची, २ मिलिमीटर अंतराची, जमेल तेवढी आखूड केबल घ्या, आणि लाल वायर पिन १ कडे आहे हे दोनदा बघा. कित्येक अडॅप्टरांवर उलटी बसू नये म्हणून असणारी बंद पिन नसते, आणि याच केबलमधून ५ व्होल्टही जातात.

आता रॅम आणि पीसीएमसीआयए (डावीकडची कार्डाची खाच), ज्यात सर्वात जास्त पैसे वाया जातात. नुसत्या १२०० मध्ये २ एमबी चिप रॅम असते आणि प्रोसेसरला ती ग्राफिक्सच्या चिपांशी वाटून घ्यावी लागते. फास्ट रॅमचं साधं कार्ड टाकलं तरी तोच १४ मेगाहर्ट्झचा ६८ईसी०२० जवळपास दुप्पट वेगाने चालतो. म्हणून ८ एमबीची कार्डं खपतात. पण ईसी०२० ला पत्त्याच्या २४ च लाइनी आहेत, एकूण जागा १६ एमबी. त्यातल्या ८ एमबीच्या विस्ताराच्या पट्ट्यातली वरची ४ एमबी पीसीएमसीआयएची. रॅमने सगळी ८ एमबी घेतली की डावीकडची ती खाच निकामी होते. सीएफ अडॅप्टर किंवा नेटवर्क कार्ड तिथे वापरायचं असेल तर कार्डावरचा जंपर ४ एमबीवर आणा. ०३० च्या कार्डांत ही अडचण नाही, कारण त्यांची रॅम १६ एमबीच्या पलीकडच्या पत्त्यावर असते. हे वर्णनात ठळक लिहिणारी दुकानं मोजकी.

०३० कार्ड १डी४ बोर्डावर सुरुवातीला डळमळीत वागलं, आणि तो कार्डाचा दोष नव्हता. या आवृत्तीच्या बोर्डावर ई१२३सी आणि ई१२५सी हे दोन बारके कपॅसिटर घड्याळाच्या सिग्नलवर आहेत. ते काढल्यावर कार्ड स्थिर होतं, हा जुना उपाय आहे. बदल सगळ्या आवृत्त्यांना सारखा नाही, त्यामुळे आधी बोर्डावर छापलेली आवृत्ती वाचा आणि मगच आयर्न हातात घ्या. कार्ड घेताना बोर्डाची आवृत्ती विचारणाऱ्या विक्रेत्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ट्रॅपडोअरचं झाकण मात्र काढूनच ठेवलंय, आत हवा खेळायला जागाच नाही, आणि मशीनच्या मागच्या पायांखाली दोन रबरी गुट्ट्या दिल्यात.

इंडिव्हिजनने पाचव्या महिन्यात दगा दिला. ते लिसावर उलट्या सॉकेटसारखं नुसतं दाबून बसतं, तापणं-थंड होणं चालू राहिल्याने हळूहळू वर सरकतं. चित्रात एखादा रंग गायब होतो किंवा उभ्या रेषा थरथरतात. उपाय म्हणजे काढून लिसाच्या पिना अल्कोहोलने पुसणं आणि पुन्हा दाबणं. क्लिप मिळाली तर लावाच. मॉनिटर निवडताना ५० हर्ट्झ स्वीकारतो का तेवढं बघा: पाल (५० हर्ट्झच्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनचं चित्र ६० वर चढवलं की आडवं सरकणारं प्रत्येक दृश्य धक्के खातं. ज्यांना बोर्डाला हात लावायचा नाही त्यांनी २३ पिनांच्या आरजीबी पोर्टवरून ओएसएससी हा चित्र बदलून देणारा डबा वापरावा. तो कनेक्टर बऱ्याचदा २५ पिनांचा कापून तयार केलेला मिळतो, कापलेली कड घासून घेतलेली असेल असं गृहीत धरू नका.

गोटेकबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, आणि ते कौतुकच आहे. फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर टाकलं, जंपर एस० वर ठेवला, ९,०१,१२० बाइटच्या एडीएफ (फ्लॉपीच्या नकलेच्या) फाइल पेन ड्राइव्हवर, संपलं. एस्कॉमने बनवलेला १२०० असेल तर गोटेक जास्तच उपयोगी, कारण त्यात पीसीचे फ्लॉपी ड्राइव्ह बदल करून बसवले होते आणि काही जुन्या खेळांना ते चालत नाहीत. खरी फ्लॉपी ठेवणाऱ्यांनी एचडी (जास्त क्षमतेच्या) डिस्कचं भोक चिकटपट्टीने बुजवून काम भागवू नये: तिचा चुंबकीय थर अमिगाच्या डीडी डिस्कपेक्षा वेगळा असतो, आज लिहिलेलं काही महिन्यांनी वाचता येत नाही.

कीबोर्डची झिल्ली (कळांखालचा प्लास्टिकचा पातळ थर) सातव्या महिन्यात गेली, कनेक्टरजवळच्या शेपटीला तडा. ही झिल्ली आता नव्याने छापून मिळते, आणि नवं प्लास्टिक जुन्यापेक्षा लवचीक आहे. पण १२०० चे कीबोर्ड एकाहून अधिक कारखान्यांतून आले, त्यांच्या झिल्ल्या अदलाबदल होत नाहीत. मागवलेली पहिली चुकीच्या प्रकारची निघाली, विक्रेत्याच्या पानावर प्रकाराचा उल्लेखच नव्हता. मागवण्याआधी कीबोर्ड उलटा करून लेबलाचा आणि शेपटीचा फोटो पाठवा. बसवताना शेपटी सरळ रेषेत, दोन्ही हातांनी, एकदाच. तिरकी गेली की पहिल्याच दिवशी तडा.

दुकानांबद्दल मत असं झालंय. जर्मनीतली फेज ५ ही एकेकाळी १२०० च्या वेगवान कार्डांची सगळ्यात नावाजलेली कंपनी, ती २००० मध्ये बंद पडली, आणि तिच्या ब्लिझर्ड कार्डांतला एखादा प्रोग्रॅम केलेला चिप मेला तर बदली मिळवायला आजही दुसरं मेलेलं कार्ड शोधावं लागतं. याउलट टेरिबलफायरसारख्या कार्डांचे नकाशे आणि फर्मवेअर खुले आहेत, विकणारा उद्या थांबला तरी दुसरा बनवतो. पाय-स्टॉर्म त्याहून कितीतरी वेगवान, पण मग प्रोसेसर रास्पबेरी पायवर नक्कल होऊन चालतो, आणि ज्याला खरा ६८०३० हवा त्याच्यासाठी तो पर्याय नाही. मोठं कार्ड कुठूनही मिळेल. झिल्ली, २३ पिनांचा प्लग, २ मिलिमीटरची आखूड रिबन, चौकोनी डिनचा प्लग ज्याच्याकडे कायम शिल्लक असतात आणि जो बोर्डाची आवृत्ती विचारतो, त्या दुकानाचा पत्ता जपून ठेवलाय. पुढची मागणी तिथेच जाईल: सुटी शेपटी-कनेक्टर एक, रिबन दोन, आणि इंडिव्हिजनची क्लिप आली असेल तर ती.