टॅमसुलोसिन आणि लागेल तेव्हा सिल्डेनाफिल, की रोज टॅडालाफिल ५?

दीड वर्ष माझ्या गोळ्यांच्या डब्याला वेळापत्रक होतं. वाढलेल्या प्रोस्टेटमुळे अडणाऱ्या लघवीसाठी रात्री जेवणानंतर टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम आणि ताठरतेसाठी लागेल तेव्हा सिल्डेनाफिल. गेल्या वर्षापासून या दोघांच्या जागी, दोन्ही तक्रारींवर, सकाळी एकच टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम आहे. डॉक्टरांनी दोन्ही वाटा सांगून "विचार करून सांगा" म्हटलंय आणि तुम्ही विचारच करत बसलाय, असं असेल तर पुढचं वाचा. प्रोस्टेट कुठे असतं नि का वाढतं, हे तुम्हाला एव्हाना तोंडपाठ असेल, ते सोडून देतो.

आधी माझी स्थिती सांगतो, म्हणजे तुमची ताडून बघता येईल. वय ६२, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त, बीपीची एक गोळी चालू, साखर नाही, हृदयाचं काही नाही. सोनोग्राफीत प्रोस्टेट ३८ ग्रॅम, लघवीनंतर आत उरलेली ४५ मिली, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, ठीक. लक्षणांची ती सात प्रश्नांची यादी असते, तिच्यात ३५ पैकी १७. रात्री तीनदा उठायचो, कधी चारदा. दुसरी तक्रार मी तोंडाने काढलीच नव्हती. युरॉलॉजिस्टनीच कागदावरून नजर न उचलता विचारलं, "आणि बाकीचं कसं आहे?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात म्हणे. लघवीचा त्रास आणि ताठरतेचा त्रास या वयात बऱ्याचदा जोडीनेच येतात.

टॅमसुलोसिनबद्दल वाईट बोलायची माझी इच्छा नाही. पहिल्याच आठवड्यात धार सुटली. बाथरूममध्ये भिंतीला हात टेकून उभं राहणं बंद झालं. कोरडेपणाचा अनुभव मात्र आला, म्हणजे शेवटाला वीर्य बाहेर येत नाही किंवा अगदी थोडं येतं. त्यात धोका काही नाही, पण आधी कुणी सांगितलं नसेल तर माणूस दचकतो. मी दचकलो. मला ते चालून गेलं, काहींना नाही चालत. आणखी एक, मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर हे औषध घेत होतो हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचंच, बंद करून महिने झाले असले तरी. बुबुळ ढिलं पडतं आणि त्यांना आधी कळलं तर ते तयारीने बसतात.

माझं घोडं अडलं ते घड्याळापाशी.

टॅमसुलोसिन रोज एकाच जेवणानंतर अर्ध्या तासाने घ्यायची. रिकाम्या पोटी ती रक्तात जोरात चढते आणि उठताना गरगरतं. सिल्डेनाफिलचं उलटं. तिला पोट हलकं हवं, तुपातेलाचं जेवण झालेलं असलं की ती रेंगाळते. त्यात दोन्ही गोळ्या रक्तदाब उतरवणाऱ्या, म्हणून मला सिल्डेनाफिल २५ वरच ठेवलं होतं आणि दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगितलं होतं. आता करा हिशोब. जेवण साडेआठला, टॅमसुलोसिनची कॅप्सूल नऊला, म्हणजे दुसरी गोळी रात्री एकला. नाहीतर ती आधी घ्यायची, संध्याकाळी साडेचारला, जेव्हा भांडी घासायला मावशी आलेल्या असतात आणि ही चहा टाकत असते. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडायलाही मी कधी इतका हिशोब केला नव्हता. एकदा हिनेच विचारलं, "काय हो, आज गाडी किती वाजताची?" हसलो दोघंही, पण त्या रात्री गाडी काही सुटली नाही.

कॅप्सूल सकाळी नाश्त्यानंतर का नाही घेतलीत, असं कुणीही विचारेल. घेऊन बघितली. माझा नाश्ता म्हणजे कधी पोहे, कधी नुसता चहा, आणि सकाळची कॅप्सूल घेऊन स्कूटरवरून उतरताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. संकष्टीला तर सगळंच उलटंपालटं. दिवसभर उपास, जेवण चंद्रोदयानंतर, मग कॅप्सूल कुठल्या जेवणाची धरायची? महिन्यातून एक दिवस म्हणून सोडून दिलं असतं, पण आमच्याकडे एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहेत. ज्यांचं ताट वर्षभर घड्याळाच्या काट्यावर वाढलं जातं, त्यांना ही अडचण वाटायचीच नाही, हे कबूल.

टॅडालाफिलला जेवणाशी देणंघेणं नाही. उपाशीपोटी घ्या, मिसळ खाऊन घ्या, तिला फरक पडत नाही. शरीरातून निम्मी उतरायलाच तिला साडेसतरा तास लागतात, म्हणून रोज घेतली की साधारण पाच दिवसांत रक्तातली पातळी एकसारखी होते. मी ती बीपीच्या गोळीबरोबर सकाळी घेतो आणि विसरून जातो. हे विसरून जाणं मला फार मोलाचं वाटतं. गोळी रोज म्हणजे रोज काही घडतं, असं मात्र नाही. मन लागतंच, ते कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही. फक्त मन लागलं तर आता साडेचारची आठवण काढावी लागत नाही.

ही नवी टूम नाही. अमेरिकेत रोजच्या छोट्या डोसला ताठरतेसाठी २००८ मध्ये मान्यता मिळाली आणि प्रोस्टेटच्या लक्षणांसाठी २०११ मध्ये.

तिचे त्रासही सांगतो. पहिले आठ-दहा दिवस कंबर आणि मांड्या अशा भरून आल्या की मी पांडवलेणीच्या पायऱ्यांना दोष दिला. आदल्या रविवारी चढून आलो होतो. पुढच्या रविवारी घरीच बसलो तरी दुखणं तेच, तेव्हा उमगलं. मग आपोआप ओसरलं. डोकं दोन दिवस जड होतं. पित्त मात्र अधूनमधून उसळतं. त्यात गोळीचा वाटा किती आणि झणझणीत रश्श्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. नाशिककर असल्याने वाइनचंही सांगतो. एका ग्लासाने मला काही झालं नाही, पण बाटली संपवायचा बेत असेल तर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो.

धारेच्या बाबतीत टॅमसुलोसिन सरस होती, हे मान्य करायला हवं. टॅडालाफिलवर धार बरी आहे, पण ती पहिल्या आठवड्यातली मजा नाही, आणि जो काही फरक पडला तो जाणवायला तीन-चार आठवडे गेले. घाई आणि रात्रीचं उठणं मात्र नक्की कमी झालं. माझं मोजमाप म्हणजे ठाण्याला मुलीकडे जाणं. पूर्वी इगतपुरीला एकदा आणि शहापूरला एकदा गाडी थांबवावी लागायची. आता एकदाच थांबतो, तेही चहासाठी म्हणून. सात प्रश्नांच्या यादीत परवा १० आले.

आता जे मी कुणालाही पहिल्यांदा विचारतो ते. छातीत दुखतं म्हणून तुमच्या खिशात सॉर्बिट्रेट असते का? नायट्रेटचं दुसरं कुठलं औषध चालू आहे का? असेल तर टॅडालाफिलही नाही आणि सिल्डेनाफिलही नाही, विषय संपला. दोन्ही एकत्र आलं तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. टॅडालाफिल घेतल्यावर तर निदान ४८ तास नायट्रेट चालत नाही, आणि जो रोज घेतो त्याचे हे ४८ तास कधी संपतच नाहीत. म्हणून ही गोळी लपवून घेऊ नका. मला हे उशिरा सुचलं. उद्या रात्री छातीत कळ आली, मला दवाखान्यात नेलं आणि तिथे जिभेखाली गोळी ठेवायला निघाले, तर सांगणार कोण? हिला माहीत होतं. मुलालाही सांगितलं. अवघड वाटलं, पण दोन वाक्यांत झालं आणि त्याने फक्त फोनमध्ये नाव लिहून घेतलं. किडनी बरीच कमजोर असेल तर रोजची टॅडालाफिल नको म्हणतात. बुरशीच्या काही गोळ्या तिचा असर वाढवतात, तेव्हा गजकर्णासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलात तरी तिथे नाव घ्या.

या सगळ्या औषधांत प्रोस्टेट लहान करणारं एकही नाही. त्यासाठी ड्युटास्टेराइडसारखी वेगळी गोळी असते, तिला सहा-सहा महिने लागतात आणि ती काहींची इच्छाच कमी करते. प्रोस्टेट खूप मोठं असेल तर तुमचा प्रश्नच वेगळा आहे आणि माझा अनुभव तुमच्या फारसा कामाचा नाही. खर्चाचं म्हणाल तर कंपनीगणिक भाव इतके बदलतात की मी तुलना सोडून दिली. डॉक्टरांना स्वस्त कंपनी लिहून द्यायला सांगा, देतात.

लघवी अडते, कुंथावं लागतं, आत बरीच साठून राहते आणि दुसऱ्या तक्रारीचं तुम्हाला विशेष वाटत नाही, असं असेल तर मला विचाराल तर टॅमसुलोसिनच बरी. दोन्ही तक्रारी मध्यम असतील आणि जेवणाच्या वेळा माझ्यासारख्या असतील, तर टॅडालाफिलचं नाव डॉक्टरांपुढे काढून बघा, इतकंच म्हणेन. एक गोळी बंद करून दुसरी कधी सुरू करायची, हे मात्र त्यांच्याकडूनच. मी मनाने केलं नाही.

उरलेली टॅमसुलोसिनची पट्टी मी अजून डब्यात ठेवली आहे. लघवी जास्त साठू लागली तर परत तिच्याकडे जावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.