उंची दोन इंच वाढली, सस्पेन्शन मात्र जुनेच राहिले

माझ्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपच्या सस्पेन्शनसाठी मी जे पैसे मोजले, त्यांच्या बदल्यात मला नवा रंग फासलेल्या माझ्याच जुन्या स्प्रिंगा, गाडी नुसती उंच करणारे चार ठोकळे आणि दिखाऊ डबे जोडलेले चार साधे शॉकअप (चाकाची उसळी आवरणाऱ्या, तेलाने भरलेल्या नळ्या) मिळाले. हे कळायला अडीच महिने लागले, आणि कळले तेही माझ्या हुशारीमुळे नव्हे, तर नियोजन करताना वहीत लिहून ठेवलेल्या एका आकड्यामुळे. मर्यादित पैशांत असेच काम करून घेण्याचा विचार ज्यांच्या मनात आहे, त्यांनी गाडी कोणाच्या ताब्यात देण्यापूर्वी हे वाचावे, म्हणून तपशील न गाळता लिहीत आहे.

गाडीची रचना नेहमीचीच आहे. पुढे दुहेरी आर्म (चाकाला धरणारे, वर-खाली हलणारे दोन दांडे) आणि त्यांच्या मध्ये कॉइल स्प्रिंगसह शॉकअप, तर मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग). हौद्यात पाण्याच्या टाक्या, हत्यारांची पेटी आणि एक जादा चाक कायम असते. माझ्या तक्रारी दोनच होत्या. एक म्हणजे या कायमच्या वजनाने गाडी मागून बसत असे, आणि दुसरी म्हणजे लाटांसारख्या उंचसखल कच्च्या रस्त्यावर तासभर चालल्यानंतर शॉकअप जणू गाडीला नाहीतच, असे वाटू लागे. हा दुसरा त्रास उष्णतेचा असतो. साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये सततच्या हालचालीने तेल तापून पातळ होते, त्यात वायूचे बुडबुडे मिसळून फेस होतो, आणि फेसातून दट्ट्या विनासायास सरकत असल्याने चाकाला आवर राहत नाही. एकेरी नळीच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन आणि तेल यांच्यामध्ये सरकता पडदा असतो, शिवाय तेलाची नळी थेट हवेला उघडी असल्याने ती लवकर निवते. वेगळा डबा जोडलेल्या प्रकारात तेलाचे प्रमाण वाढते आणि वायूला स्वतंत्र जागा मिळते. मला खरी गरज होती ती माझ्या वजनाला योग्य अशा पाट्यांची आणि तापल्यावरही काम करणाऱ्या शॉकअपची. उंची ही त्यातून आपोआप मिळणारी दुय्यम गोष्ट होती.

नियोजनाच्या दिवसांत मी एक साधी चाचणी केली होती. मोकळ्या गाडीच्या हौद्यात, ॲक्सलच्या बरोबर वर, 250 किलो वजन ठेवले आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर वजनाआधी आणि नंतर मोजले. फरक 46 मिलिमीटर आला. तो लिहून ठेवला आणि विसरून गेलो.

एवढी तयारी करूनही विक्रेत्यासमोर उभा राहिल्यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडला तो 'किती इंच उचलून मिळेल?' असा. माझी फसवणूक तिथेच सुरू झाली असे मला आज वाटते, कारण मी काय मोजून पाहणार आहे आणि काय पाहणार नाही, हे विक्रेत्याला त्या एका वाक्यातून समजले. त्याने माझ्या बजेटच्या काठावर बसेल अशी रक्कम सांगितली आणि तेवढ्यात पुढच्या जाड तारेच्या स्प्रिंगा, मागे प्रत्येक बाजूला एक जादा पाटा, डबा असलेले चार शॉकअप, बसवणावळ आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) असे सगळे देऊ केले. इतरत्र एवढ्या पैशांत फक्त शॉकअप मिळत होते. ही तफावत मला खटकायला हवी होती, पण मी तिला आपले नशीब समजलो. निम्मी रक्कम आगाऊ दिली. काम चालू असताना थांबू देत नाहीत, जुने भाग भंगारात जातात आणि बिलावर फक्त 'सस्पेन्शन किट, एक संच' एवढेच लिहिले जाते, या तिन्ही गोष्टी मी निमूटपणे मान्य केल्या.

गाडी परत मिळाली तेव्हा ती देखणी दिसत होती, हे कबूल केले पाहिजे. पुढून-मागून जवळपास 50 मिलिमीटर उंच, लाल स्प्रिंगा, चकचकीत डबे. पहिले काही दिवस मी थांबलेल्या गाडीकडेच जास्त पाहत होतो. गुळगुळीत रस्त्यावर स्टीअरिंग वळणानंतर पूर्वीसारखे सरळ येत नाही, एवढेच जाणवत होते. तक्रार केली तेव्हा 'नवीन सामान बसायला वेळ लागतो' असे उत्तर मिळाले. खरे कारण असे की पुढची उंची वाढली की कॅस्टरचा कोन (पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा मागे असलेला झुकाव) कमी होतो आणि चाकांची आपणहून सरळ होण्याची ओढ घटते. अलाइनमेंटचा जो छापील कागद मला दिला होता, त्यावर सगळे आकडे आदर्श होते, पण गाडीचा क्रमांक कुठेच नव्हता. तो कागद कोणत्या गाडीचा होता, हे मला आजही माहीत नाही.

पुढे खडबडीत वाटेवर चाक पूर्ण खाली लोंबकळले की लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येऊ लागला. गाडी जॅकवर घेऊन पाहिले, तर वरचा आर्म स्प्रिंगच्या वेढ्याला घासत होता आणि घासल्या जागी लाल रंग निघून खाली कंपनीचा मूळ काळा रंग दिसत होता. नव्या स्प्रिंगेला आतून जुना रंग कसा असेल? त्याच सुमारास एका लांब कच्च्या टप्प्यानंतर मी शॉकअपला पाण्याचे दोन थेंब लावून पाहिले. नळीवर पाणी चुरचुरले, डबा मात्र सकाळी होता तितकाच गार. खरा डबाही नळीपेक्षा कमी तापतो, त्यामुळे हा पुरावा नव्हे, पण शंका बळावली.

तेव्हा वही आठवली. टाक्या आणि पेटी उतरवून तेच 250 किलो त्याच जागी ठेवले. फरक आला 45 मिलिमीटर, म्हणजे टेप धरण्यातल्या चुकीएवढा. खरोखर जादा पाटा घातला असता, तर त्याच वजनाला गाडी कमी बसली असती. ठोकळा गाडीला उचलून ठेवतो, पण पाट्याच्या ताठपणात काडीचाही बदल करत नाही. या चाचणीला टेप आणि वजन यांखेरीज काही लागत नाही, मात्र पहिले मोजमाप काम करून घेण्याआधीच घ्यावे लागते.

दुसऱ्या गॅरेजमधल्या अनुभवी मिस्त्रींनी गाडी उघडली. पुढे शॉकअपच्या माथ्यावर प्रत्येकी सुमारे 28 मिलिमीटरचा ठोकळा निघाला. आर्मच्या लांबीमुळे माथ्यावरची वाढ चाकाशी जवळपास दुप्पट होते, त्यामुळे एवढ्यात माझे 'दोन इंच' भरले होते. स्प्रिंगेवरचा रंग खरवडून व्हर्निअरने तार मोजली, ती मूळ मापाचीच होती. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे वेढे आणि घेर तेच ठेवून 14 मिलिमीटरऐवजी 15 मिलिमीटरची तार घेतली, तर ताठपणा सुमारे 32 टक्क्यांनी वाढतो. म्हणून 'जाड तार' हा शब्द ऐकून समाधान मानू नये, मिलिमीटरमध्ये आकडा मागावा. शॉकअपच्या डब्यांचे म्हणाल, तर त्यांची जाळीदार नळी शॉकअपच्या अंगावर वेल्ड केलेल्या एका बंद बोंडात अडकवली होती. त्या बोंडाला आत भोकच नव्हते. (खऱ्या डब्यात नायट्रोजन मोठ्या दाबाखाली असतो, त्यामुळे असा संशय आला तरी नळी स्वतः खोलू नये. ते काम दाब सोडण्याचे साधन असलेल्या माणसाचे आहे.)

पैशांचे दुःख होतेच, पण मिस्त्रींनी दाखवलेल्या उरलेल्या गोष्टींनी मी अधिक घाबरलो. मागे ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ओतीव ठोकळे होते आणि ॲक्सल पाट्यांना आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट साध्या पान्याने सहज फिरत होते. यू-बोल्ट ढिले राहिले की ॲक्सल सरकू पाहतो, सगळा भार पाटे एकत्र धरणाऱ्या मधल्या सेंटर बोल्टवर येतो आणि तो कापला गेला तर मागचे चाक जागेवरून हलते. पुढे माथ्यावर ठोकळा आल्यामुळे खालचा रबरी थांबा टेकण्याआधीच शॉकअप आतून तळाला लागत होता, आणि चाक लोंबकळताना वरच्या आर्मचा बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) त्याच्या मर्यादेबाहेर झुकत होता. एका बाजूच्या, चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे रबरी आवरण (बूट) फाटून ग्रीस बाहेर उडाले होते. म्हणजे मला नुसते कमी दिले नव्हते, जे होते तेही बिघडवून दिले होते.

विक्रेत्याकडे गेलो तेव्हा तो शांत होता. बिलावर भाग क्रमांक नव्हते, जादा पाट्याचा उल्लेख नव्हता, कामाआधीचे फोटो मी काढले नव्हते. 'ऑफ-रोड वापरली की वॉरंटी संपते साहेब', असे म्हणून त्याने वर फरकाची रक्कम भरल्यास 'अस्सल माल' देण्याची तयारी दाखवली. त्या वाक्यात आधीचा माल नकली असल्याची कबुली होती, पण ती कागदावर नव्हती. पैसे परत मिळाले नाहीत.

उरलेल्या पैशांत दुसऱ्यांदा काम करताना क्रम उलटा केला. प्रथम नेहमीचे सामान भरून गाडी वजनकाट्यावर नेली आणि पुढच्या व मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे करून घेतले, कारण पाटे निवडण्यासाठी लागतो तो हाच आकडा. पाटे बदलले म्हणून गाडीची नोंदलेली भारमर्यादा वाढत नाही, हेही तेव्हाच नीट समजून घेतले. मग झिजलेले बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), त्यानंतर कायमच्या वजनाला जुळणाऱ्या पाट्यांचा पूर्ण संच आणि नवे यू-बोल्ट, आणि शेवटी डब्याविना साधे एकेरी नळीचे शॉकअप असे टप्पे ठेवले. पुढच्या स्प्रिंगा अजून मूळच्याच आहेत. त्यांच्यासाठी आणि कॅस्टर सुधारणाऱ्या वरच्या आर्मसाठी पैसे साठतील तेव्हा पाहू. प्रत्येक भाग बसवण्याआधी मी तो हातात घेतला, क्रमांकाचा फोटो काढला, बिलावर तो क्रमांक लिहून घेतला आणि जुने भाग घरी आणले. शॉकअप हाताने दाबून सोडले, तेव्हा आतल्या वायूच्या दाबाने दांडा आपोआप, सावकाश बाहेर आला. आधीचे चारही जिथे दाबले तिथेच राहत होते.

काही शे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घेतले. त्याच संध्याकाळी हौद्यात 250 किलो ठेवून तिसऱ्यांदा मोजले. वहीत 46 आणि 45 यांच्याखाली आता 31 लिहिले आहे.